उजेडाची तोंडी परीक्षा

"याडी, हलू नको. तू हललीस की सगळं छत नाचून राहिलं."

"मी कुठं हलले? आता श्वास बी घेऊ नको का?"

ओमप्रकाश राठोड मान वर करून छताकडे बघत राहिला. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा त्यानं सकाळपासून खपून अंधारी केली होती. खिडक्यांना काळं प्लास्टिक, दाराच्या फटीत गोणपाट, ट्यूबलाइटचं बटण कोणी चुकून दाबू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी. एवढ्या बंदोबस्तात टेबलावरच्या लोलकातून निघालेला रंगांचा वीतभर पट्टा पांढऱ्या कागदावर मुकाट पडला होता. पण शेजारी स्टुलावर बसलेल्या त्याच्या आईच्या, जिवनबाईच्या कांचळीला जुन्या रीतीप्रमाणे गळ्यापासून कमरेपर्यंत आरसे लावलेले. आरसेच ते, मिळेल तो उजेड घ्यायचे आणि वाटेल तिकडे भिरकावून द्यायचे. तिच्या प्रत्येक श्वासासरशी छतावर तांबडे, पिवळे, जांभळे ठिपके वर जात होते, खाली येत होते. म्हातारीचा श्वास असा रंगीत होऊन पंख्याच्या पात्यांवरून फिरत होता आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

"काय बघून राहिला रे?"

"काई न्हाई."

"सर," दाराशी उभ्या असलेल्या वासंती मॅडम हळूच म्हणाल्या, "प्रयोग कुठं पळून जात नाही. आधी हे बघून घ्या पोटभर."

वासंती कुळकर्णी मॅडम आणि ओमप्रकाश सर सेनगावच्या त्या महाविद्यालयात वीसेक वर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून भौतिकशास्त्र शिकवत आलेले. मॅडम औंढ्याच्या, देवळाजवळच्या घरातल्या. बोलणं मोजकं, पण टोचायचं तिथं बरोबर टोचणार. सर साखरा गावापलीकडच्या तांड्यातले. तांड्यातून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पोरांपैकी एक. घरी मायलेकरांचं बोलणं बंजाऱ्यांच्या गोरमाटीत चालायचं. ते जसंच्या तसं इथं मांडलं तर वाचणाऱ्याची तारांबळ उडेल, म्हणून हिंगोलीकडच्या मराठीत सांगतो आहे. एवढी सवलत गोष्ट सांगणाऱ्याला असावी.

तर हा सगळा खटाटोप कशासाठी? जिवनबाईला दिसतं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. आणि त्यावरून तिनं कुठं राहायचं, हे.

तिच्या डोळ्यांवर धुरळा यायला लागला त्याला काही वर्षं झाली. तांड्यातल्या कोणत्याही म्हातारीच्या डोळ्यांवर धुरळा आला की सगळे एकच सांगतात: मोतीबिंदू आहे, पिकू द्या. कच्चा मोतीबिंदू काढत नाहीत, आंब्यासारखा पिकू द्यावा लागतो, मग डॉक्टर अलगद उचलतो. आजी, पणजी, सगळ्यांचं असंच झालेलं. चंदाबाई शेजारीण हेच म्हणाली, जिवनबाई स्वतः हेच म्हणाली, आणि दरवर्षी पोरांना डोळ्याची आकृती फळ्यावर काढून दाखवणारे राठोड सरही हेच म्हणाले. पिकू दे याडी, उन्हाळ्यात करू. मग पुढच्या उन्हाळ्यात करू.

हिंगोलीच्या शिबिरात डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि ओमप्रकाशला बाजूला घेतलं. मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. तो पिकत नसतो, आतल्या आत नजर खात जातो आणि खाल्लेली नजर परत देत नाही.

त्या दिवशी जीपमध्ये ओमप्रकाशला रडू आवरलं नाही. एमएस्सी झालेला माणूस, आणि चंदाबाईच्या शास्त्रावर विसंबून राहिला. जिवनबाईनं चाचपून त्याची मान शोधली, तिच्यावर हात ठेवला.

"काई फळं पिकतच न्हाईत बेटा. झाडावरच वाळतेत. त्यात तुझी काय चूक?"

असं म्हटल्यानं चूक कमी होत नाही, पण घास खाली उतरतो.

त्यानंतर ती तांड्यात तशीच राहत होती. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे लिंब. "मला दिसतंय की," हे एकच पालुपद. काय दिसतं विचारलं तर, "सगळं." संक्रांतीच्या सुमारास चंदाबाईचा फोन आला. काकी हातपंपावर पाणी आणायला गेली ती हरिचंदच्या तुरीत सापडली. कळशी डोक्यावर, आणि तुरीत उभी राहून कोणीतरी येण्याची वाट बघत होती. हाक मारली नाही. हाक मारली तर आंधळी ठरेल, ही भीती.

ओमप्रकाश तिला न्यायला आला तर ती ओट्यावर मांडी ठोकून बसली.

"सेनगावला येऊन काय करू? तुझी बायको नोकरीला जाती, लेकरं शाळेत. भिंतीसंगं बोलू का?"

"आणि इथं हिरीत पडलीस तर?"

"हिरीला मी ओळखती. हीर मला ओळखती."

"तुला दिसत न्हाई याडी."

"कोण म्हणतं? परीक्षा घे माझी! एवढ्या पोरांच्या घेतूस, मायची घे. पास झाले तर हितंच राहीन. नापास झाले तर गुमान तुझ्या गाडीत बसते. घे वचन."

चंदाबाईच्या साक्षीनं वचन झालं. जिवनबाईला वाटलं असेल, पोरगा बोटं दाखवून विचारील, हे किती नि ते किती. पण शिक्षकाला परीक्षा म्हटलं की चेव येतो. बोटं मोजायला लावून त्याचं समाधान होणार नव्हतं. आयुष्यभर या बाईनं सुईदोऱ्यानं रंगांत रंग मिसळले, तर तिच्या डोळ्यात आता नेमका कोणता रंग शिल्लक आहे हे त्याला हवं होतं. वेड्यासारखं हवं होतं. कुठला तरी एखादा असेलच, असं त्याला रात्रंदिवस वाटायचं.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा आटोपल्या, प्रयोगशाळा मोकळी झाली, तसा तो कामाला लागला. मोटारसायकलच्या हेडलाइटचा बल्ब, त्याला बॅटरी, वर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उपडा. डब्याला दाढीच्या दोन पात्यांची केसाएवढी झिरी. झिरीतून आलेला उजेड भिंगातून लोलकावर, आणि लोलकातून रंग कागदावर. कागदापुढे सरकणारा पुठ्ठा, पुठ्ठ्याला खिडकी. खिडकीतून एका वेळी एकच रंग बाहेर येणार. इथवर सोपं होतं.

खरी मेख पुढे होती. बल्बचा उजेड सगळ्या रंगांत सारखा नसतो. तांबडा भरपूर, जांभळा नावापुरता. तसंच दाखवलं असतं तर जिवनबाईनं भगभगीत तो तांबडा आणि मिणमिणता तो जांभळा, असं रंग न बघताच सांगून टाकलं असतं. शाळेत गेली नव्हती तरी म्हातारी तेवढी पक्की होती. म्हणजे आधी प्रत्येक रंगाची तीव्रता मोजायची आणि मग सगळ्यांना एका पातळीवर आणायचं.

मोजायला त्यानं बंद पडलेल्या सोलर दिव्यातला काळसर निळा तुकडा काढला आणि मल्टीमीटरला जोडला. मॅडमनी आकडे बघितले आणि मान हलवली.

"सर, हा तुकडाही माणसासारखाच आहे. याला तांबडा जास्त मानवतो, निळ्याशी त्याचं फारसं जमत नाही. याच्या आवडीनिवडीचा हिशोब घातल्याशिवाय याच्या साक्षीवर विश्वास ठेवू नका."

तो हिशोब पुस्तकात असतो. कोणत्या तरंगलांबीला असा तुकडा किती प्रतिसाद देतो त्याचा आलेख. ओमप्रकाशनं आलेखावरून एकेक आकडा दुरुस्त केला. मग मच्छरदाणीचे तुकडे कापले आणि तांबड्यापुढे थर वर थर लावले, पिवळ्यापुढे त्याहून कमी, निळ्यापुढे एखादाच. जांभळ्याला मोकळं सोडलं. एकेक थर लावायचा, मोजायचं, पुन्हा लावायचा. संध्याकाळी वर्ग रिकामे झाले की तो त्या अंधारात शिरायचा आणि बाहेर यायचा तेव्हा डोळ्यांपुढे रंगच रंग तरंगायचे. जेवताना भाकरीवर, झोपताना भिंतीवर. स्वप्नात एकदा आई आली. ती तरुण होती, तांड्याबाहेरच्या माळावर बसून फेटियाला, आपल्या घागऱ्याला, दोरा घालत होती, आणि दोरा आभाळातून उतरत होता. कोणता रंग होता ते त्याला जाग आल्यावर आठवेना. दिवसभर तो तेच आठवत बसला.

आणि आता ती इथं स्टुलावर बसली होती.

आरशांचा बंदोबस्त मॅडमनीच केला. स्वतःची शाल काढून त्यांनी जिवनबाईला मानेपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलं. छतावरचे ठिपके विझले. ओमप्रकाशला उगीचच हळहळ वाटली.

"मावशी, उकडतंय का?"

"परीक्षेत घाम येतोच की बाई," जिवनबाई म्हणाली.

ओमप्रकाशनं पुठ्ठा सरकवला. खिडकीत तांबडा आला.

"बोल याडी. काय हाय?"

"हं..." जिवनबाईनं मान थोडी तिरपी केली. "हे बग... पी... न्हाई न्हाई. रातो. तांबडा हाय."

"बराबर!"

पुन्हा पुठ्ठा सरकला. उलटसुलट, मध्येच कुठलाही. ती प्रत्येक वेळी जरा घुटमळायची, एखादं अक्षर उच्चारायची, मागे घ्यायची आणि मग नेमक्या रंगावर बोट ठेवायची. पिवळा बरोबर आला. जांभळा बरोबर आला. आभाळी रंगाला तर तिनं "आपल्या लिंबाच्या मागचं आभाळ" असं म्हटलं आणि ओमप्रकाश पुठ्ठा सरकवायचंच विसरला. एकही चुकला नाही. त्यानं ट्यूबलाइटवरची चिकटपट्टी काढली, दिवा लावला आणि तो नुसता हसत उभा राहिला. पन्नाशीला आलेल्या माणसाच्या तोंडावर असं हसू क्वचित दिसतं.

"झाले न्हवं पास?" जिवनबाई शालीतून हात काढत म्हणाली. "चल, सोड मला जीपवर."

"जरा थांबा मावशी," वासंती मॅडम म्हणाल्या. "सर, बाहेर या."

व्हरांड्यात ऊन मी म्हणत होतं. मॅडम कठड्याला टेकल्या.

"तुम्ही तोंडी परीक्षेत पोरांना कसं पास करता, माहीत आहे का तुम्हाला?"

"कसं?"

"पोरगं चुकीचं बोलायला लागलं की तुमचा श्वास अडकतो. बरोबर बोलायला लागलं की सुटतो. सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. पोरं दोन अक्षरं टाकून बघतात आणि तुमच्या छातीकडे कान लावतात." त्यांनी दाराकडे बोट केलं. "ही तर तुमची आई आहे. तुमचा श्वास ती जन्मापासून ऐकते आहे."

ओमप्रकाशच्या तोंडावरचं हसू गेलं. त्याला तिचं ते 'पी... न्हाई न्हाई' आठवलं. सगळी उत्तरं त्याचीच होती. त्यानंच प्रश्न विचारले, त्यानंच ती दिली. एवढा सगळा हिशोब करून स्वतःचा श्वास तेवढा मोजायचा राहून गेला होता.

"पुन्हा घेऊ," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही इथंच थांबा. मी घेते."

"मॅडम, राहू द्या ना." हे शब्द त्याच्या तोंडून कसे गेले त्यालाच कळलं नाही. "पास झाली म्हणू. तिला तांड्यावरच राहायचंय."

"म्हणा की. मी कोणाला सांगायला जाणार नाही. पण उद्या त्या विहिरीत पडल्या, तर तुम्हाला झोप येईल?"

मॅडम आत गेल्या, दार लागलं, गोणपाट फटीत बसलं. ओमप्रकाश व्हरांड्यात उभा राहिला. आतून पुठ्ठ्याची खरखर ऐकू यायची, मग गप्प, मग आईचं पुटपुटणं. शब्द कळत नव्हते. निकालाच्या दिवशी बोर्डासमोर उभ्या राहणाऱ्या आईबापांची आजवर तो थट्टा करत आला होता. आता त्याला त्या सगळ्यांची क्षमा मागावीशी वाटली.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता.

"अंधार म्हणाल्या. तांबड्याला अंधार, पिवळ्याला काहीतरी असंल असं वाटतं पण न्हाई म्हणाल्या, निळ्या-जांभळ्याला अंधारच. आणि मला म्हणतात, 'बाई, तुमी लई पक्क्या. श्वासच ऐकू येऊ देत न्हाई.'" मॅडमना हसावं की काय ते कळेना. "एकाच ठिकाणी त्या चटकन बोलल्या. उजेड आहे म्हणाल्या. पण रंग चुकला. मी मुद्दाम मधूनमधून तोच आणला, दर वेळी तेच बोलल्या आणि दर वेळी चूक."

"कुठल्या ठिकाणी?"

"हिरव्याला. हिरव्याला निळा म्हणतात."

ओमप्रकाशनं मान वर केली.

"निळा? असाच शब्द? ती काय म्हणाली, तसंच सांगा."

"निळाच की. म्हणजे... लिळा, लिलो, असं काहीसं. दात नाहीत ना, मला वाटलं..."

"लीलो."

"हां, तेच."

ओमप्रकाश मटकन कठड्यावर बसला. मॅडम घाबरल्या. त्यांना वाटलं, ऊन लागलं.

"मॅडम," तो म्हणाला. "लीलो म्हणजे हिरवा. आमच्यात हिरव्याला लीलो म्हणतात."

मैदानात एक बकरी लिंबाच्या सावलीत उभी होती. सगळा परिसर फाल्गुनात असतो तसा मातकट, उन्हानं धुवून काढलेला. त्या मातकट रंगाकडे बघता बघता ओमप्रकाशच्या डोक्यात उजेड पडला आणि तो कपाळावर हात मारून हसायला लागला.

"सोलरच्या तुकड्याची आवडनिवड धरली मॅडम आपण. डोळ्याची धरलीच नाही! सगळे रंग सारखे मोजून दिले. पण डोळा कुठं सारखा असतो? तुमचा असो, माझा असो, तेवढ्याच उजेडात हिरवा त्याला सगळ्यात जास्त दिसतो. लाडका लेक. याडीच्या डोळ्यात आता थोडंच उरलंय, तर त्यानं बाकी सगळं टाकून दिलं आणि लाडका तेवढा जवळ ठेवला."

"रंग दिसतो की नुसता उजेड दिसतो आणि रंग आठवतो, हे मात्र आपल्या पुठ्ठ्याला सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"न येऊ दे," ओमप्रकाश म्हणाला.

आत गेल्यावर त्यानं दिवा लावला नाही. तसाच अंधारात आईजवळ जाऊन उकिडवा बसला. पुठ्ठ्याची खिडकी हिरव्यावरच होती. जिवनबाई तिकडे तोंड करून बसली होती. तिच्या सुरकुतल्या गालावर तो कोवळा उजेड पडला होता. ती कुठं दूर गेली होती कुणास ठाऊक.

"कोवळी ज्वारी हाय ही," ती म्हणाली. "पोटऱ्यात यायच्या आधीची."

"याडी."

"कळलं तुला." तिनं त्याचं डोकं चाचपलं. "आधी फसवलं तुला. राग आला?"

"न्हाई."

"किती मार्क पडले?"

"एक विषय निघाला."

"आणि बाकीचे?"

"राहिले."

जिवनबाई विचारात पडली. वचन तिच्या लक्षात होतं. ती वचन मोडणारी बाई नव्हती, फक्त वाकवून बघणारी होती.

"मंग ते... तुझा पोरगा मागल्या साली म्हणत व्हता ते. नापास बी न्हाई, पास बी न्हाई. साल वाया जात न्हाई, पुढच्या वर्गात बसू देतेत."

"एटीकेटी?"

"तेच. ते मला भेटंल का?"

दारातून मॅडम मोठ्यानं हसल्या. ओमप्रकाशला हसताही येईना आणि रडताही येईना. नियमात बसतं का, हे विचारायला बोर्ड तर नव्हतंच. परीक्षक तोच होता. त्यानं एटीकेटी देऊन टाकली.

पण एका विषयावर माणूस राहणार कसा? याचा विचार त्यानं केला होता. रविवारी तो तालुक्यातल्याच गोरेगावच्या बाजारात रंगाच्या दुकानात गेला आणि हिरव्याच्या सगळ्या छटांच्या पट्ट्या मागितल्या. घरी आईपुढे एकेक पट्टी धरून त्यातली एक निवडली. दुकानदार तिला पोपटी म्हणत होता. मग डबा आणि ब्रश घेऊन तो आईसोबत तांड्यावर गेला. दाराचा उंबरा रंगवला. ओट्याची कड रंगवली. चुलीजवळच्या कट्ट्याची धार, कळशीची मान, हातपंपाचा दांडा रंगवला. घरापासून पंपापर्यंत आणि तिथून चंदाबाईच्या दारापर्यंत हाताला लागतील तेवढे दगड आणून वाटेच्या दोन्ही बाजूंनी मांडले आणि तेही रंगवले. सगळा माळ करडा, आणि त्यातून ही एक पोपटी वाट.

"सर," चंदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकीचं घर हाय का पोपटाचा पिंजरा?"

"पिंजरा न्हाई, झाड," आतून जिवनबाई ओरडली. कान तिचे शाबूत होते.

दगड वाळल्यावर ती ओट्यावरून उतरली. ऊन टळटळीत होतं. ओमप्रकाश मागून चालत होता आणि या खेपेला त्यानं श्वास रोखून धरला होता. तिनं मान खाली घातली, धुरळ्यातून काहीतरी शोधलं. "हा एक," ती म्हणाली. पाऊल टाकलं. "हा एक." अशी ती झोपेत चालल्यासारखी सावकाश, पण न चुकता चालत गेली आणि हातपंपाच्या दांड्यावर तिनं थेट हात ठेवला. मग तिथंच उभी राहून पाणी हापसत राहिली. कळशी भरून वाहायला लागली तरी थांबली नाही.

चैत्र गेला, वैशाख गेला. फोनवर ती बाकीच्या गोष्टी सांगायची. कोणाचं लग्न, कोणाची म्हैस. दिसण्याबद्दल तो विचारत नव्हता आणि ती बोलत नव्हती. मॅडम मात्र भेटल्या की विचारायच्या, "एटीकेटी काय म्हणते?" आणि तो म्हणायचा, "चालू आहे."

आषाढात एके दिवशी फोन तिचा स्वतःचा आला. चंदाबाईच्या मोबाइलवरून.

"ओमा, ये. गाडी घिऊन ये."

"काय झालं? पडलीस का?"

"पडले न्हाई. ये तू."

तो जीप सांगून निघाला. साखऱ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन गुडघ्याएवढं झालेलं, बांधावर गवत, माळावर गवत. चार महिन्यांपूर्वी जो माळ भाजून निघाला होता त्याच्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तांड्याच्या वळणावर त्यानं आपले दगड शोधले. नजर धड असूनही त्याला ते सापडायला वेळ लागला.

जिवनबाई घरापुढच्या कुंपणाशी उभी होती. तोंड शेताकडे. चंदाबाई म्हणाली, सकाळपासून अशीच उभी आहे, भाकरी खाल्ली नाही, खाली बसली नाही. तिच्या कांचळीच्या आरशांत सगळं शिवार उतरलं होतं.

"याडी."

"आलास?" ती वळली नाही. "काय सांगू ओमा तुला. एवढं तर डोळे धड असताना बी दिसलं न्हाई. जिकडं बघावं तिकडं दिसून राहिलं. खाली बी, वर बी. नुसतं भरून आलंय."

"मग चांगलं की. मला काहून बोलावलंस?"

"सगळंच दिसून राहिलं रे. म्हणून काहीच सापडंना. दगड कोणचा नि शेत कोणचं? पंप कुठंय? परवा हिरीच्या काठावर जाऊन उभी राहिले, मला वाटलं चंदाचं दार."

दुसरा रंग लावू, असं ओमप्रकाशच्या ओठांवर आलं होतं. पण दुसरा रंग तिच्याकडे नव्हता.

"सोयाबीन निघाली, माळ वाळला, की आणून सोड मला," ती म्हणाली. "तंवर येते. मी बोलले व्हते ना, गुमान बसते म्हणून."

गाठोडं तिनं आधीच बांधून ओट्यावर ठेवलं होतं.

जीपमध्ये तिनं कडेची जागा मागून घेतली. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, वारं लागंल, पडदा सोडू का?" तर तिनं दोन्ही हातांनी पडदा वर धरला. साखरा मागे पडलं. शेतांमागून शेतं येत होती आणि ती त्या सगळ्यांकडे तोंड करून बसली होती. डोळे उघडे, पापणीसुद्धा हलत नव्हती. जीप खड्ड्यांतून आदळत होती, तिची मान हिंदकळत होती, पण तोंड वळत नव्हतं.

पेट्रोल पंप लागला, मग विटांची घरं, पत्र्याची दुकानं. जिवनबाईनं पडदा सोडला आणि तोंड आत वळवलं.

"सेनगाव आलं न्हवं?"

"आलं. तुला कसं कळलं?"

"संपलं की," ती म्हणाली आणि मांडीवरचं गाठोडं नीट करून बसली.